दुसऱ्या दिवसाची डबी

६ जानेवारी १९९७, सोमवार

नव्या मायक्रोस्कोपचा दिवा आज आला. ऑक्टोबरपासून यंत्र दिव्यावाचून कापडाखाली पडून होतं. डॉ. मॅडमनी समोर उभं राहून बसवून घेतला. कोपऱ्यातल्या खोलीला काळा पडदा.

आता टी.बी.च्या संशयाची प्रत्येक थुंकी दोन रीतींनी बघायची. एक नेहमीची तांबडी, फुक्सिन ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवायची. दुसरी ऑरामिनची. तिच्यात जंतू लागला असेल तर या दिव्याखाली अंधारात पिवळा चमकतो. कोणती रीत जास्त पकडते ते मॅडमना बघायचं आहे. एकाने काय पाहिलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही.

दिवा येईल, येईल म्हणून ऑक्टोबरपासून प्रत्येक थुंकीच्या दोन काचा करत होतो. एक तेव्हाच रंगवून रिपोर्ट दिला. दुसरी कोरी, कागदात गुंडाळून पेटीत. आता आधी ती पेटी संपवायची.

पेटीत भटूच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, दोन दिवसांच्या दोन आहेत. मॅडमना माहीत नाही. काचेवर नुसते नंबर असतात.

८ जाने.

बायको, कमल, म्हणते मी घरात बोलत नाही. आधी तरी कुठे बोलत होतो.

भटू असता तर आज तिळाच्या लाडवांवरून दंगा केला असता. लूमच्या आवाजात राहून राहून त्याला हळू बोलताच यायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी आला की कळायचं. नोव्हेंबरात रिक्षात माझ्या मांडीवर गेला. तोंडातून रक्त. लिंबायतच्या रेल्वे फाटकाला गाडीसाठी थांबलो होतो.

दोन रिपोर्ट निगेटिव्ह. धुळीचा खोकला म्हणून सप्टेंबरपासून औषध चालू होतं. रिपोर्ट मीच त्याला नेऊन दिले होते, बमरोलीला त्याच्या खोलीवर, हसत.

११ जाने., शनि.

ते दोन्ही रिपोर्ट ज.भाईंचे. जगदीशभाई. माझे सीनियर, गुजराती, आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जुने. घरच्यांची थुंकी आपण बघायची नाही असं आमच्यात ठरलेलं, त्यांचं भटूशी नातं नाही म्हणून मी तेव्हा त्यांच्याकडेच दिली.

आज त्यांचं काम नीट पाहिलं. स्पिरिटचा दिवा पेटवतात, पण स्लाइडच्या रांगेखालून एकदा ओवाळल्यासारखा फिरवतात आणि ठेवून देतात. वाफ नाही. ही अर्धी थंड रीत. पूर्ण थंड रीतही असते, पण तिचा रंग वेगळा, जास्त कडक करायचा असतो. ते नेहमीच्याच बाटलीतला वापरतात.

विचारलं, जगदीशभाई, वाफ कुठे आहे?

"पाटीलभाई, सौ स्लाइड, एक आदमी, एक दिवा. तमे गरम करो, हुं चा पीऊं."

हसले. मीही हसलो. पण ऑक्टोबरात तर स्पिरिटच संपलं होतं दोन आठवडे.

१४ जाने., मंगळ.

उत्तरायण. सगळं सुरत गच्चीवर. आमच्याकडे यंदा सण नाही. तिळगूळ नाही. शेजारचे उंधियूचा डबा देऊन गेले, तो राणीने एकटीने खाल्ला. राणी म्हणजे भटूची. साडेचार वर्षांची. भटू गेल्यापासून ती आणि सुरेखा आमच्याकडेच आहेत.

सुरेखा माझ्यासमोर येत नाही. मी जेठ, म्हणजे थोरला दीर. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली, सरळ एक शब्द आमच्यात झालेला नाही. आपल्याकडची रीतच आहे. काही सांगायचं असलं की दाराआडून राणीला सांगते. "राणी, मोठे पप्पांना सांग, पाणी तापलंय." राणी माझ्यापासून चार हातांवर असते. ती म्हणते, "मोठे पप्पा, ऐकलं ना? मी परत सांगू?"

संध्याकाळी सुरेखा तवा ठेवून मशेरी भाजत होती. घरभर धूर. कमल खोकली, सुरेखा खोकली, राणी शिंकली. कमल ओरडली, "सोड ना वं ते काळं तोंड करनं!" मग दोघी हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

भटूचे लूमच्या खात्यात घालायचे बूट अजून दारामागे आहेत. कोणी काढत नाही.

१७ जाने., शुक्र.

आज पेटीत भटूच्या काचांची पाळी आली. ऑरामिनने रंगवल्या त्या मीच. नंबर पाहून हात थांबला. घरच्यांची आपण बघायची नाही, हे आठवलं. तरी पडद्याआड गेलो.

पहिल्या दिवसाची: काहीच नाही. काळोख.

दुसऱ्या दिवसाची. आधी काही नाही. मग उजव्या कडेकडे एक. बारीक, पिवळी, किंचित वाकलेली काडी. तिच्याजवळ दोन. पुढे सरकवली, परत एका जागी तीन-चार.

बराच वेळ बाहेर आलो नाही. मॅडमनी पडद्याबाहेरून विचारलं, झोपलात का?

निगेटिव्ह म्हणून लिहून दिलेली थुंकी.

१८ जाने., शनि.

काम होत नाही. ज.भाई समोर बसून डबा खात होते. मेथीचे थेपले. मला एक पुढे केला. घेतला नाही.

यांनी तापवलं नसेल. जंतूच्या अंगावर मेणासारखं काहीतरी असतं, उष्णता लागल्याशिवाय रंग आत शिरत नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. ज्याला रंगच लागला नाही तो दिसणार कसा? आणि दोन आठवडे स्पिरिट नव्हतं. त्या दोन आठवड्यांत किती जण.

पण मला इतरांचं नाही, एकाचंच म्हणायचं आहे. हेही खरं.

घरी कोणाला सांगितलं नाही.

२० जाने., सोम.

मॅडमना सांगितलं. भाऊ होता हे पण सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, पाटील, एका रीतीच्या शब्दावर जायचं नाही. पिवळ्या उजेडात घाणही चमकते. शिवाय सगळ्या काचा एकाच टीपकागदाने टिपल्या असतील तर शेजारच्या काचेवरचे जंतू हिच्यावर येऊ शकतात. तीच काच आता तांबड्या रीतीने रंगवा. ऑरामिनवर फुक्सिन चढतं. वाफ येऊ द्या. आणि जगदीशभाईंना बोलवा बघायला.

त्यांना कशाला?

"तुम्ही एकट्याने बघितलं तर तुम्हाला हवं तेच दिसेल."

राग आला.

टीपकागदाचं मात्र डोक्यात राहिलं. आम्ही एका कागदाने पाच-सहा टिपतो. सगळेच.

२२ जाने., बुध.

तांबडी रीत मी स्वतः केली. वाफ आली की दिवा बाजूला, विरली की परत खाली. ॲसिड, पाणी, मग निळा. टीपकागद नवा, एकदाच.

निळ्यावर तांबड्या काड्या. त्याच. उजव्या कडेकडे. घाण नव्हे, दुसऱ्याच्या काचेवरून आलेल्याही नव्हेत. पेशींमध्ये अडकून बसलेल्या.

ज.भाई वाकून बघू लागले. त्यांची ऑक्टोबरची जुनी काचही मॅडमनी रंगवलेल्या काचांच्या पेटीतून काढून ठेवली होती. तीही पाहिली त्यांनी. बराच वेळ. म्हणाले, "छे. एक-बे. बहु फिक्का." म्हणजे होते. गुलाबी पडले होते, तेव्हा सुटले.

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

मग ते परत माझ्या काचेवर वाकले आणि म्हणाले, "आ शुं काळुं काळुं? तमारो भाई बजर घसतो हतो के शुं?"

अपराधी माणूस विषय बदलतो तसंच वाटलं मला. म्हटलं, माझा भाऊ तंबाखूला हात लावत नव्हता. बजर तर इथल्या बायका दाताला चोळतात.

"ते ज तो कहुं छुं."

परत बघितलं. पिवळ्या उजेडात जंतूशिवाय सगळं काळंच असतं, काही कळलं नव्हतं. निळ्यात सगळं दिसतं. पेशींच्या मधे काळे, जळके, ओबडधोबड कण. जळालेल्या तंबाखूचे. इथे रोज बघतो आपण, बायकांच्या थुंकीत.

बजर काय, मशेरी काय.

२३ जाने., गुरु.

घरात मोरीच्या फळीवर मशेरीची डबी आहे. तेलाच्या जुन्या डबीतच. मी आज ती उघडून बघितली. चोरासारखा.

आठवत बसलो. ऑक्टोबरात बमरोलीला सायकलने जायचो, ड्यूटीच्या आधी. भटू रातपाळीवरून येऊन आडवा झालेला असायचा. तो आमच्या दवाखान्यात यायला तयारच नव्हता. प्लेगच्या साली त्याच्या खात्यातल्या एकाला नुसत्या तापावर शेठने काढून दिलं होतं, तेव्हापासून खोकल्याचं नाव काढलं की हा चिडायचा. "आप्पा, जगनी थुकी बघस तू, मनी कसाले?" असं मोठ्याने, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. म्हणून मी डब्याच घेऊन जायचो.

भरलेली डबी उंबऱ्यावर असायची. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आत बांगड्यांचा आवाज, मग काही नाही.

त्याच्या हातातून मी एकदाही घेतली नाही.

२५ जाने., शनि.

दोन दिवस तेच. जर ती थुंकी सुरेखाची असेल तर ज.भाईंनी सुरेखाचे जंतू सोडले. भटूचे नाही. भटूचं काही बघितलंच नाही कोणी.

आणि मग टी.बी. सुरेखाला आहे. ऑक्टोबरपासून. राणी तिच्या कुशीत झोपते.

आधी हे दुसरं सुचायला पाहिजे होतं.

२६ जाने., रवि.

कमलला सांगितलं. सगळं नाही. एवढंच की सुरेखाची थुंकी तपासायला हवी आणि ऑक्टोबरची एक डबी बहुतेक तिने भरली होती.

"तुमनं डोकं ठिकानावर शे ना?"

म्हटलं, हळू बोल.

"हळू काय बोलू? तिना मानूस गया, आते तुम्ही तिनावर पोलीस बसाडतस?"

तिला वाटलं मी भटूच्या मरणाचं सुरेखावर घालतोय. थोडंसं घालतही होतो. कमलला माझा चेहरा वाचता येतो.

म्हणाली, गल्लीत कळलं तर? नळावर पाणी भरू देणार नाहीत. तिच्या माहेरचे येतील आणि राणीला घेऊन जातील. नाहीतर येणारच नाहीत. दोन्हीतलं काय चांगलं ते मला सांगा.

म्हटलं, औषध असतं याला. बरं होतं.

"भटूभाऊले व्हयनं का?"

भटूला हे औषध मिळालंच नव्हतं.

२८ जाने., मंगळ.

नवी डबी आणून कमलजवळ दिली. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, मशेरी लावायच्या आधी, खोल खोकून. सगळं सांगितलं. कमलने मान हलवली.

आज लॅबमध्ये ज.भाई मुकाट्याने दिवा धरून वाफ येईपर्यंत थांबत होते. मी बघतोय म्हणून? उद्या बघणार नाही, तेव्हा कळेल.

मॅडमच्या मते पेटीतल्या काचांत पिवळी रीत जास्त पकडते आहे, वेळही कमी लागतो. पण म्हणाल्या, कोणाची थुंकी आहे, लाळ आहे की छातीतलं आहे, हे सांगायला तांबडी-निळीच लागते. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

२९ जाने., बुध.

डबी परत मिळाली. घासून, धुऊन, ताटवाट्यांच्या पाटीत पालथी घातलेली. चकचकीत.

राणी तिच्यात बाहुलीला पाणी पाजायला निघाली होती. हातातून ओढून घेतली. ती रडली. सुरेखाने दाराआडून "राणी, इकडे ये" एवढंच म्हटलं. आवाज घोगरा होता. की मला वाटला.

हल्ली तिच्या प्रत्येक खोकल्याकडे माझा कान असतो. सकाळी दोनदा. मशेरीच्या धुराचा असेल. चुलीचा असेल.

१ फेब्रु., शनि.

कमलने शेवटी काढून घेतलं तिच्याकडून. दोघी गव्हाला ऊन द्यायला गच्चीवर गेल्या होत्या. कमलने मला खाली येऊन जसंच्या तसं सांगितलं, म्हणून तसंच लिहितो.

आधी सुरेखा नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "त्या बोलनात, तू थुकी दे, तुले काय जास? आप्पाना मन राही जाई. मी दिधं."

त्या म्हणजे भटू. आप्पाचं मन राहील. म्हणून.

कमलने विचारलं, दोन्ही वेळा? तर म्हणे नाही, एकदाच. एकदा त्यांनी स्वतः दिली. "कोनती कोनी, माले याद नही."

काळ्या कणांचं कमलने विचारलं. (मी सांगून ठेवलं होतं.) तर म्हणाली, तेव्हा त्यांची दाढ दुखायची. "मंग त्या बी मशेरी लायेत, रातले."

भटूची दाढ दुखत होती? मला कधी बोलला नाही. मला तो काय बोलायचा, चेष्टाच करायचा. पण खोटंही असेल. डबी भरावी लागू नये म्हणून सुचलं असेल. गव्हात हात फिरवता फिरवता सुचलेलं.

दुसऱ्या दिवसाची डबी त्याची, तर तो असा गेला. तिची, तर ती तशीच चालली आहे. काचेवर दोन्ही एकसारखंच दिसतं.

२ फेब्रु., रवि.

भटूचे बूट उचलून वर ठेवायला गेलो. एका बुटात कागदाची पुडी. उघडली. लवंगा. चार-पाच, वाळलेल्या.

दाढेसाठी असतील. की खोकल्यासाठी, रातपाळीला तोंडात धरायला. दोन्हीसाठी लोक लवंगच ठेवतात.

पुडी परत होती तशी ठेवली.

४ फेब्रु., मंगळ.

आज सकाळी डबी उंबऱ्यावर होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कमल म्हणाली, घ्या, झालं तुमच्या मनासारखं.

ऑक्टोबरसारखंच उंबऱ्यावरून उचलली. सायकलच्या पिशवीत ठेवताना ते लक्षात आलं.

दोन काचा केल्या. एक पिवळी, एक तांबडी. दोन्ही निगेटिव्ह. ज.भाईंनीही पाहिल्या, निगेटिव्ह. माझ्या पाठीवर हात ठेवला त्यांनी. "चालो, भगवाने लाज राखी."

हलकं वाटलं. जेवलो. मग परत जाऊन तांबडी काच लावली. नुसत्या चपट्या पेशी. लाळ. छातीतलं काही नाही. आणि एकसुद्धा काळा कण नाही. चूळ भरली म्हणून इतकं साफ? जी रोज मशेरी लावते तिचं?

५ फेब्रु., बुध.

कमलला विचारलं. काल कोणी भरली?

चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"तिनी नही भरी ते मी भरी. रिपोर्ट चांगला उना ना? मंग जाऊ द्या."

मी ओट्यावर येऊन बसलो. हसू आलं असतं, दुसऱ्याच्या घरात घडलं असतं तर. यांना वाटतं रिपोर्ट हीच वस्तू आहे. कोणीतरी चांगला आणून दिला की झालं. भटूलाही हेच वाटलं. शेठला दाखवायला एक कागद, मला गप्प करायला एक कागद. निरोगी बायकोची थुंकी द्यायची. ती निरोगी आहे असं धरूनच चालला.

मीही धरूनच चाललो. की डबीवर ज्याचं नाव, थुंकी त्याची.

ज.भाईंवर किती दिवस डूख धरून होतो. अजून पूर्ण गेलेली नाही. त्यांच्या दोन आठवड्यांतल्या सगळ्या काचा मॅडमनी आता परत रंगवायला काढल्या आहेत, ते काम ते स्वतःच करतायत. थेपला आज पुढे केला नाही.

६ फेब्रु., गुरु.

लवकर घरी आलो. कमल बाजारात. सुरेखा आत. राणीला मांडीवर घेऊन मधल्या दारापाशी बसलो. पडदा अर्धा ओढलेला.

म्हटलं, राणी, आईला सांग, मोठे पप्पा रागावलेले नाहीत.

राणी: "आई, मोठे पप्पा रागावलेले नाहीत." मग माझ्याकडे वळून, "खरंच?"

म्हटलं, सांग, भटूच्या छातीत काय होतं ते आता कधीच कळणार नाही. ते सोडून दिलं.

राणीने ते नाही सांगितलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला भटू म्हटलेलं कळतं.

आतून: "राणी, त्यांना सांग, गल्लीत कळंल."

म्हटलं, सांग, लॅबमध्ये नंबर असतो, नाव नसतं.

"सांग, नाव नसतं म्हणूनच ना सगळं झालं."

हे तिने राणीला सांगितलं, पण राणी काही बोलायच्या आधीच मला लागलं. मी राणीला खाली ठेवली. म्हटलं, सुरेखा. आठ वर्षांत पहिल्यांदा. आवाज बरोबर निघाला नाही. म्हटलं, सुरेखा, तुझ्याजवळ ही झोपते. मला कागद नको. मला तुझा खोकला पाहिजे.

असं कोणी कोणाला म्हणत असेल का.

बांगड्या वाजल्या. मग ती खोकली. दाबून, पदर तोंडात धरून. मी मोजायला लागलो आणि मग सोडून दिलं.

आतून म्हणाली, "डबी द्या."

राणीला नाही. मला.

८ फेब्रु., शनि.

काल तिने मशेरी लावली नाही. कमल म्हणाली, सकाळपासून डोकं धरून बसली होती, तलफ. धूर नाही म्हणून घर वेगळंच वाटत होतं.

आज सकाळी मागच्या अंगणात मी उभा राहिलो. कमल म्हणाली, बाईमाणूस थुंकताना तुम्ही उभं राहणार? उभा राहिलो. सुरेखा आली. पदर कपाळाच्या खाली. माझ्याकडे पाठ करून भिंतीशी वाकली. आधी नुसती लाळ. म्हटलं, नाही, अजून खोल. भिंतीला हात धरून खोकली. खूप वेळ. बाजूच्या घराची खिडकी उघडली आणि लागली.

वळली आणि डबी माझ्या हातात दिली. उंबऱ्यावर नाही. कागदात गुंडाळलेली नाही. डबी कोमट होती. तिचा चेहरा मी पहिल्यांदा उजेडात पाहिला. भटूपेक्षा लहान आहे. हे मला माहीत होतं, पण माहीत नव्हतं.

राणी दारात उभी होती. म्हणाली, "आईने सगळी दिली ना? आता परत मागू नका."

१० फेब्रु., सोम.

हे लॅबमध्ये बसून लिहितो आहे. घरी नेऊन लिहिता येणार नाही.

शनिवारी मायक्रोस्कोपचा दिवा बिघडला होता, मॅडमही नव्हत्या. आज सकाळी दोन्ही काचा रंगवायला घेतल्या. पिवळी मॅडम बघतील, दुपारी आल्यावर. तांबडी मी बघणार नव्हतो. घरची आहे. ज.भाईंना म्हटलं, तुम्ही.

त्यांनी नंबर बघितला, मग माझ्याकडे. "कोनी छे?" म्हटलं, माझ्या भावाच्या बायकोची. नाव सुरेखा. नंबराच्या शेजारी त्यांनी पेन्सिलीने काचेच्या कोपऱ्यात तिच्या नावाचं अक्षर काढलं. सांगितलं नव्हतं.

मग दिवा खाली धरला. मी बाजूला उभा राहून बघत होतो. मी बघतोय हे त्यांना माहीत होतं. काही बोलले नाहीत. फुक्सिनवरून वाफ निघाली, पातळ, सरळ वर. दिवा काढला. विरली. परत धरला. तीन वेळा. टीपकागद नवा घेतला, टिपला, टाकून दिला.

आता ते काचेवर वाकलेले आहेत. जंतू भरपूर असले की माणूस लगेच मान वर करतो, पहिल्या काही जागांतच दिसतात. नसले की सगळी काच चाळावी लागते. थोडे असले तरीही. म्हणजे जितका वेळ लागतोय तितकं बरं असेल, किंवा नसेल.

एकदा हात थांबला. मला वाटलं आता. चष्मा पुसला, परत वाकले. काच डावीकडून उजवीकडे सरकवतायत. सावकाश. उजवी कडा अजून राहिली आहे.

चहावाला येऊन गेला. दोन्ही कप निवलेत.

मान अजून खालीच आहे.